निमोनिया कुठून आला?

माझ्यासमोर एका केसपेपरच्या झेरॉक्स प्रती आहेत. सप्टेंबर २०१७ मधल्या. सरकारी मदतीच्या अर्जाला जोडण्यासाठी माझ्या धाकट्या बहिणीने त्या काढल्या होत्या. काम झाल्यावर तिने तो गठ्ठा माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "तुमच्याजवळच ठेवा दादा, माझ्याच्यानं पाहवत नाही." केसपेपर तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा. वय एकोणतीस. घाटंजी तालुक्यात पाच एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस आणि तूर. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत त्याने लागोपाठ तीन दिवस फवारणी केली. चौथ्या दिवशी तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, श्वासाला घरघर, अशा अवस्थेत त्याला रुग्णालयात नेले. दुसऱ्या रात्री व्हेंटिलेटर लावला. तेराव्या दिवशी तो गेला.

मी आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवला. कागद वाचताना त्यात काय आहे याइतकेच काय नाही तेही पाहावे, ही त्या धंद्याची खोड. या केसपेपरात अ‍ॅट्रोपिनच्या प्रत्येक डोसची वेळ आहे. नाडी, रक्तदाब, लघवीचे माप, व्हेंटिलेटरचे आकडे, सगळे आहे. तोंड स्वच्छ केल्याची नोंद मात्र एकाही पानावर नाही. आणि ते काम मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. रात्रपाळीची एक सिस्टर त्याच्या ओठांच्या कडेने गॉज आत सरकवून दात, हिरड्या, जीभ पुसायची. दुसऱ्या हातात सक्शनची नळी धरलेली. मी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "काका, तोंडातलंच खाली उतरते. इथं साफ ठेवलं तर खाली साफ राहते." तिची पाळी नसलेल्या दिवशी ते काम झाले की नाही, हे कागद सांगत नाहीत.

शेवटच्या पानावर मृत्यूची दोन कारणे आहेत. पहिले, कीटकनाशकाची विषबाधा. दुसरे, व्हेंटिलेटरशी संबंधित न्यूमोनिया. ते पान वाचून दाखवल्यावर बहिणीने विचारले, "दादा, इख तं उतरलं म्हणे डॉक्टर. मंग हा निमोनिया कुठून आला?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या उत्तराच्या शोधातून झाला आहे. कुणावर ठपका ठेवावा असा त्याचा हेतू नाही, आणि एका माणसाच्या मृत्यूचे नेमके कारण मागाहून कागदावरून ठरवता येते असा माझा दावाही नाही.

*

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते वाचकांना आठवत असेल. जुलैपासून फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन रुग्णालयांत येऊ लागले. दिवाळीपर्यंत दाखल झालेल्यांची संख्या शेकड्यांत गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, परदेशी वृत्तपत्रांनीही दखल घेतली. कोणती औषधे एकत्र मिसळली, मास्क-हातमोजे कुणी द्यायचे होते, विक्रेत्यांनी काय सांगितले, यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते आवश्यकच होते. पण रुग्णालयाच्या दाराआत गेल्यावर त्या माणसांच्या शरीरात काय घडत होते, हे फारसे कुणी लिहिले नाही.

या विषांपैकी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे आपल्या शरीरातले कोलिनेस्टरेज नावाचे विकर निकामी करतात. त्यामुळे नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा संदेश थांबतच नाही. लाळ वाहते, डोळे वाहतात, श्वासनलिका स्रावाने भरतात. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो म्हणा ना. त्यावर उतारा अ‍ॅट्रोपिनचा. छातीतली घरघर थांबून फुप्फुसे कोरडी होईपर्यंत ते देत राहायचे. पण अ‍ॅट्रोपिन छातीसोबत तोंडही कोरडे करते. दोन दिवसांपूर्वी ज्या तोंडातून लाळेची धार लागली होती, त्यात मग थेंबभर ओल राहत नाही. भाच्याचे ओठ भेगाळलेले, जीभ तपकिरी आणि सालपटासारखी झालेली मी पाहिली आहे.

शिवाय या विषाचा आणखी एक टप्पा असतो. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियेद्दे या डॉक्टरांनी १९८७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याला 'इंटरमीडिएट सिंड्रोम' हे नाव दिले. सुरुवातीची लक्षणे ओसरल्यावर, साधारण एक ते चार दिवसांत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. नातेवाइकांना वाटते विष उतरले, आणि नेमका तेव्हाच व्हेंटिलेटर लागतो, तोही कित्येक दिवस. म्हणजे आमच्या जिल्ह्यातला हा रुग्ण कोरडे तोंड आणि दीर्घकाळ नळी ही दोन्ही ओझी एकदमच घेऊन येतो.

*

कोरड्या तोंडाला ओझे म्हणण्याचे कारण लाळेत आहे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती तोंड सतत धुते, तिच्यात जंतूंना आवरणारी द्रव्ये असतात, आणि आपण नकळत ती गिळत राहतो. तोंडात जंतू नेहमीच असतात. हे पहिल्यांदा पाहिले ते डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने. १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात, आपल्याच दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरल्यावर त्यात हलणारे असंख्य सूक्ष्म जीव कसे दिसले, हे त्याने कळवले.

आपल्याकडे तोंडाच्या स्वच्छतेची परंपरा फार जुनी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात दातवणासाठी रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांच्या काड्या सांगितल्या आहेत. कडुनिंबाची आणि बाभळीची काडी आमच्या वऱ्हाडात माझ्या लहानपणापर्यंत घरोघर होती. पण त्याच अध्यायात अपवादही आहेत. ज्याला ताप, खोकला, दमा, उलटी, तोंड आलेले किंवा तोंडाचा पक्षाघात आहे, त्याने दातवण वापरू नये. काडी चावायची ती रुग्णाने स्वतः, तेव्हा ही सूचना व्यवहाराला धरूनच होती. आपल्या घरांत आजारी माणसाचे तोंड फार तर ओल्या फडक्याने पुसतात. दात घासणे हे बऱ्या माणसाचे काम, ही समजूत आपल्यात खोलवर आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलटे टोक गाठले गेले. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकी दंतवैद्याने १८९० मध्ये तोंडातल्या जंतूंवर ग्रंथ लिहिला आणि पुढच्याच वर्षी तोंड हे शरीरातल्या अनेक रोगांचे उगमस्थान असू शकते असे मांडले. लंडनच्या विल्यम हंटर या डॉक्टरने ते पुढे इतके ताणले, की विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सांधेदुखीपासून मनोविकारांपर्यंत कशासाठीही हजारो लोकांचे चांगले दात उपटले गेले. पुरावा तपासल्यावर हे खूळ ओसरले. पण त्यासोबत तोंडाचा विचारही मागे पडला. दात दंतवैद्याकडे आणि फुप्फुसे फिजिशियनकडे, अशी वाटणी झाली. त्या दोहोंमधला घसा कुणाचाच राहिला नाही.

*

त्या घशातून नळी घालण्याची वेळ आली तेव्हा हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांना बोलावण्यात आले. त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाला असे मानतात. पुढे हातांची जागा यंत्राने घेतली आणि नळी बहुधा तोंडातूनच जाऊ लागली.

नळीने माणूस वाचतो, पण त्या नळीने एक दारही उघडे राहते. तोंड मिटत नाही, गिळणे थांबते, खोकला थांबतो. नळीभोवती एक छोटा फुगा फुगवलेला असतो. त्याच्यावर तोंडातला स्राव साचतो आणि कडेने थेंबाथेंबाने खाली झिरपतो.

हे झिरपणे घातक का ठरते, याचा उलगडा अमेरिकेत डॅलस इथल्या जोहान्सन, पिअर्स आणि सॅनफर्ड यांनी केला. १९६९ मध्ये त्यांनी दाखवले की निरोगी माणसाच्या घशात सहसा न आढळणारे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू गंभीर आजारी माणसाच्या घशात वस्ती करू लागतात, आणि आजार जितका गंभीर तितकी ही वस्ती अधिक. १९७२ मध्ये त्यांनी अतिदक्षता विभागातल्या २१३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९५ जणांच्या श्वासमार्गात हे जंतू आले होते. अशा रुग्णांत पुढे फुप्फुसाचा संसर्ग झालेले २३ टक्के होते, तर ज्यांच्यात जंतू नव्हते त्यांच्यात जेमतेम ३ टक्के. म्हणजे न्यूमोनिया नेहमी बाहेरून येतो असे नाही. माणूस आजारी पडला की त्याच्या तोंडातली वस्तीच बदलते, आणि मग ती खाली उतरते.

१९९२ मध्ये बफेलो विद्यापीठातल्या स्कॅनापिएको यांनी दातांवरच्या थराकडे लक्ष वेधले. अतिदक्षता विभागातल्या ६५ टक्के रुग्णांच्या दातांवर श्वसनरोगाचे जंतू सापडले. दंतचिकित्सालयात येणाऱ्या सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण १६ टक्के होते. लेव्हेनहूकने पाहिलेला तोच पांढरा थर. भारतातल्या अतिदक्षता विभागांत तर असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, स्युडोमोनस असे अनेक अँटिबायोटिक्सना न जुमानणारे जंतू ठाण मांडून असतात. भाच्याच्या केसपेपरात यांपैकी पहिले नाव आहे.

*

कारण कळल्यावर औषधाचा शोध सुरू झाला. १९९६ मध्ये अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेच्या ३५३ रुग्णांवर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा प्रयोग झाला. त्याने तोंड धुतलेल्या रुग्णांत श्वसनसंसर्ग कमी आढळले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हे औषध जगभरच्या अतिदक्षता विभागांच्या नियमपत्रिकांत जाऊन बसले.

माझ्या शोधातला सगळ्यात महत्त्वाचा कागद मला परळच्या केईएम रुग्णालयाच्या संदर्भात सापडला. डॉ. दिलीप कर्नाड आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तिथल्या अतिदक्षता विभागात केलेला हा प्रयोग २००९ मध्ये 'चेस्ट' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी ५१२ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाचे तोंड दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनने स्वच्छ करायचे, दुसऱ्याचे ०.०१ टक्के पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने.

पोटॅशियम परमँगनेट म्हणजे आपले पोटॅश. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने पटकीच्या साथीत विहिरींत ते टाकण्याचा प्रसार उत्तर हिंदुस्थानात केला. आमच्या गावच्या विहिरीचे पाणी असे जांभळे झालेले मी लहानपणी पाहिले आहे. चिमूटभर लागते, आणि पैशाच्या हिशेबात जवळपास फुकट.

शेवटपर्यंत टिकलेल्या ४७१ रुग्णांचा निकाल असा लागला: क्लोरहेक्सिडिनच्या गटात न्यूमोनिया ७.१ टक्के, पोटॅशच्या गटात ७.७ टक्के. फरक नगण्य. नावाजलेले औषध पोटॅशच्या पाण्यापेक्षा सरस ठरले नाही.

पण या शोधनिबंधातला खरा ऐवज पुढे आहे. प्रयोगाच्या काळात दोन्ही गट मिळून न्यूमोनियाचे प्रमाण ७.४ टक्के होते. प्रयोग सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत त्याच विभागात ते २१.७ टक्के होते. दोन्ही गटांत समान गोष्ट एकच होती. प्रत्येक रुग्णाचे तोंड रोज, दोन वेळा, ठरलेल्या पद्धतीने, न चुकता साफ केले जात होते. वाडग्यातले औषध कोणतेही असो, फायदा काळजीपूर्वक केलेल्या सफाईचाच असावा, ही शक्यता त्या डॉक्टरांनी स्वतःच नोंदवली आहे.

इथे सावधगिरी हवी. आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना हा पक्का पुरावा नव्हे. आपल्यावर लक्ष आहे हे कळले की सगळेच अधिक नीट काम करतात. हात अधिक वेळा धुतात, खाटेचे डोके उंच ठेवतात. पण यातूनही मुद्दा तोच निघतो. त्या काही महिन्यांत तिथे नवे यंत्र किंवा महाग औषध आले म्हणून न्यूमोनिया घटला, असे कुणी म्हणू शकत नाही.

नंतरचा इतिहास या निष्कर्षाच्या बाजूने गेला. २०१४ मध्ये बोस्टनच्या मायकेल क्लोम्पास आणि सहकाऱ्यांनी जुने प्रयोग एकत्र तपासले. हृदयशस्त्रक्रियेखेरीज इतर रुग्णांत क्लोरहेक्सिडिनचा फायदा सिद्ध होत नव्हता, उलट मृत्यू थोडे वाढत असावेत अशी शंका निघाली. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी रोज दात घासायला सांगितले, पण क्लोरहेक्सिडिनशिवाय. आणि २०२३ च्या अखेरीस क्लोम्पास आणि एरेनझेलर यांनी १५ प्रयोगांतल्या २,७८६ रुग्णांचा हिशेब मांडला. साध्या टूथब्रशने दात घासलेल्या रुग्णांत रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होता, आणि अतिदक्षता विभागातले मृत्यूही कमी. फायदा दिसला तो मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत. दिवसातून दोनदा घासणे पुरेसे होते. तीन-चार वेळा घासून अधिक काही मिळाले नाही.

काडीपासून ब्रशपर्यंतचा हा फेरा आहे. दरवेळी नाव झाले ते द्रव्याचे. ते द्रव्य दुसऱ्याच्या तोंडात फिरवणाऱ्या हाताचा इतिहास कुणी लिहिला नाही.

*

आता पुन्हा यवतमाळला येतो.

ब्रश वीस रुपयांना मिळतो. महाग आहे तो हात. नळी असलेले तोंड साफ करणे वाटते तितके सोपे नाही. नळी जागची हलता कामा नये, पाणी खाली उतरता कामा नये, एका हाताने घासताना दुसऱ्याने सक्शन धरावे लागते. घाईत केले तर अपाय व्हायचा. विदर्भात आणखी एक अडचण असते, खर्‍याची. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून वर्षानुवर्षे गालात धरला की गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड दोन बोटांहून जास्त उघडत नाही. माझा भाचाही वयाच्या पंधराव्या वर्षापासून खर्रा खायचा. ती सिस्टर त्याच्या दातांमागे बोट नेण्यासाठी किती झटायची, ते मला आठवते.

व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, ही अतिदक्षता विभागाची अपेक्षा. ज्या पावसाळ्यात एकेका दिवशी गाड्या भरून रुग्ण येत होते, तेव्हा ती कुठे पुरी पडणार? अशा वेळी माणूस आधी जीव वाचवणारे काम करतो. अ‍ॅट्रोपिन चुकले तर रुग्ण तासाभरात जाईल. तोंड धुणे चुकले तर त्याचा परिणाम पाच-सहा दिवसांनी दिसेल, आणि तेव्हा तो कुणाच्या नावावर लागणार नाही.

आणि जे नोंदले जात नाही, ते गर्दीत पहिल्यांदा गळते. दप्तरे चाळताना हे मी वारंवार पाहिले आहे. ज्या गोष्टीला रकाना असतो तिची विचारपूस होते. ज्याला रकाना नाही ते काम कुणीतरी स्वतःच्या भल्या मनाने करते, आणि ते माणूस बदलले की काम थांबते. म्हणून या साऱ्या वाचनातून माझी मागणी अगदी लहान निघते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या तक्त्यात, अ‍ॅट्रोपिनच्या रकान्याशेजारी, आणखी एक रकाना असावा: तोंड स्वच्छ केले, वेळ, सही. सकाळी एक, रात्री एक. ज्या रुग्णालयांत तो आहे तिथे तो भरला जातो का, हे नातेवाइकांनी नम्रपणे विचारावे.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीकडे गेलो तेव्हा हे सगळे तिला तिच्या भाषेत सांगितले. म्हटले, बाई, निमोनिया बाहेरून कुठून आला नाही. आजारी माणसाच्या तोंडातच तो वाढतो आणि नळीच्या कडेने खाली उतरतो. त्याच्या बाबतीत नक्की तसेच झाले का, ते मी काय, कुणीच सांगू शकत नाही. पण बऱ्याच जणांच्या बाबतीत तसे होते.

ती बराच वेळ तूर निवडत राहिली. मग म्हणाली, "पाच मिनिटं आत सोडत होते मला रोज. त्याच्या तोंडाले काळं काळं लागलेलं दिसे. पदरानं पुसावंसं वाटे. पण हात लावू नका म्हणत, म्हणून नाही लावला."

मी तिला सांगितले की हात न लावू देणेच बरोबर होते. ते काम शिकलेल्या हाताचेच आहे. ते खरेही आहे. पण तो शिकलेला हात प्रत्येक पाळीला तिथे असायला हवा होता, आणि तो होता की नव्हता हे निदान कागदावर तरी दिसायला हवे होते.